लिस्बनमध्ये हॉटेल? आधी चढ बघा

लिस्बन टेकड्यांवर वसलंय. नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका. आल्फामा या चढावरच्या भागातल्या खिडकीतून टागुस नदी दिसते, हे खरं. पण तिथे पायऱ्याच पायऱ्या! अनेक गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही, आणि गुळगुळीत दगडांच्या फटींत बॅगेचं चाक रुततं. आई-वडील सोबत असतील तर माझं मत सरळ बाइशाला. १७५५च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला हा सपाट भाग, रस्ते काटकोनात, मेट्रो हाताशी. इमारती मात्र जुन्या, त्यामुळे लिफ्ट आहे का, हे बुकिंगआधी विचाराच. खोलीभाड्याशिवाय शहराचा पर्यटन करही धरा: सप्टेंबर २०२४पासून माणशी, दर रात्री ४ युरो, जास्तीत जास्त सात रात्रींसाठी. लहान मुलांना तो लागत नाही.