छिन्नमनस्कता : औषधांच्या नव्या वाटेचा शोध

"डॉक्टरसाहेब, पोरगं आता चांगलं राहायलंय. गोळ्या बंद करावं का?" डोंगरकड्याच्या माझ्या दवाखान्यात एका शेतकरी बापाने विचारलेला हा प्रश्न. पोराला नसलेले आवाज ऐकू येत. भाऊबंदांनी करणी केली, असे वाटे. दोन वर्षे देवऋषी झाले, मग मी त्याला नांदेडला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले. गोळ्यांनी आवाज थांबले. पण बाप पुढे म्हणाला, "कामात मात्र मन लागत नाही बघा. नुसता बसून राहतो."

हा आजार म्हणजे छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया. जगात साधारण दर तीन-साडेतीनशे माणसांमागे एकाला तो असतो. करणी किंवा आईबापाचे चुकलेले वळण हे त्याचे कारण नव्हे. गोळ्यांनी आवाज थांबतात, मग उमेद का परत येत नाही? याचे उत्तर मेंदूतील प्रथिनांत दडलेले आहे.

सर्पगंधेपासून सुरुवात

मेंदूतील एक पेशी दुसरीला रसायनांमार्फत निरोप पाठविते. निरोप घेणाऱ्या पेशीवर ग्राहक प्रथिने असतात. रसायन ही किल्ली मानली, तर हे प्रथिन म्हणजे कुलूप. बहुतेक औषधे अशा एखाद्या कुलपावरच काम करतात.

हे कळण्यात आपल्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी 1931 मध्ये वेड व रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग नोंदविला. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील आपला अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. तिच्यातून काढलेले रेसर्पिन 1954 मध्ये अमेरिकेत मनोरुग्णांना देण्यात आले. पुढे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिले, तेव्हा ससे निपचित पडले, कारण मेंदूतील डोपामिन आटले होते. डोपामिन बनविणारे द्रव्य देताच ससे पुन्हा हालचाल करू लागले. या संशोधनासाठी कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन आले आणि रुग्णांच्या बेड्या सुटू लागल्या. हे औषध डोपामिनच्या 'डी-2' नावाच्या कुलपात अडकून बसते, हे नंतर समजले. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधेही मुख्यतः त्याच कुलपावर चालतात. म्हणून भास आणि संशय कमी होतात, पण उमेद, एकाग्रता व स्मरण यांना ती फारशी मदत करीत नाहीत. शिवाय कोणाचे अंग ताठरते, तर कोणाचे वजन व साखर वाढते.

दुसरे कुलूप

सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन व ट्रॉस्पियम या जोडऔषधाला मंजुरी मिळाली. ते डी-2 ला हात लावीत नाही, 'मस्करिनिक' नावाच्या वेगळ्या प्रथिनांवर काम करते. झॅनोमेलिन मुळात स्मृतिभ्रंशासाठी तपासले गेले होते, पण उलट्या-मळमळीमुळे मागे पडले. ट्रॉस्पियम हे लघवीच्या तक्रारींवरील जुने औषध मेंदूत फारसे शिरत नाही. त्यामुळे पोटातला त्रास ते कमी करते आणि मेंदूतले काम चालू राहते. मात्र त्याच वाटेने निघालेले एमराक्लिडिन हे दुसरे औषध नोव्हेंबर 2024 मध्ये चाचणीत नुसत्या खोट्या गोळीहून सरस ठरले नाही. ही वाट अशी खाचखळग्यांची आहे.

आणखी कुलपे कशी शोधतात? मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूतील हजारो प्रथिने मोजून, आजारी व निरोगी मेंदूंत कोणते कमी-अधिक आहे ते पाहतात. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 1995 पासून मेंदूंची अशी पेढी आहे. पवईच्या आयआयटीत मेंदूतील प्रथिनांचा 'ब्रेनप्रॉट' हा माहितीकोश तयार झाला आहे. अमेरिकेतील संशोधकांनी 2016 मध्ये दाखविले, की 'सी-4' या रोगप्रतिकारक प्रथिनाच्या जनुकाचे काही प्रकार या आजाराचा धोका वाढवितात. वाढत्या वयात मेंदू जादा जोडण्या छाटतो. हे प्रथिन अति झाले, तर छाटणीही अति होत असावी. आजार बहुधा ऐन तारुण्यात का उमटतो, याचा हा एक धागा असू शकतो.

पण अडचण अशी, की वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्यानेही प्रथिने बदलतात. दिसलेला फरक आजाराचा की औषधाचा, हे पारखावे लागते. शिवाय सापडलेल्या प्रथिनापर्यंत औषध पोचायला हवे, आणि रक्तातील पुष्कळ द्रव्यांना मेंदू दारातच अडवितो. म्हणून एका शोधातून गोळी हाती यायला दहा-वीस वर्षे सहज जातात.

तोवर काय करावे?

त्या बापाला मी सांगितले, "दादा, चांगलं राहायलाय ते गोळ्यांमुळंच. मनानं बंद करू नका." अचानक गोळ्या सोडल्यास आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. पूर्वी दुसऱ्या एका घराने गोळ्या थांबविल्या, तेव्हा सहा महिन्यांत मुलगा पुन्हा रात्रीबेरात्री शिवारात भटकू लागला होता. डोस कमी करायचा की औषध बदलायचे, हे तज्ज्ञच ठरवतील. वजन, साखर वेळोवेळी तपासा. रुग्णाला झेपेल एवढे रोजचे एखादे काम द्या, आळशी म्हणून टोचू नका. अडचण आल्यास 14416 या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

नवे औषध येईल तेव्हा येईल. आज घरात आहे ती गोळी मात्र आज रात्री चुकवू नका.