सावली उत्तरेला पडते

जुन्या फोटोच्या पाठीवर नुसतं ‘खानदेश’ लिहिलेलं असलं, तरी त्या एका शब्दात बरंच काही सापडतं. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे. त्याआधी जिल्हा एकच आणि कलेक्टर धुळ्याला. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या फोटोखाली ‘कलेक्टर, खानदेश’ असेल तर जळगावात शोधत बसू नये, धुळं गाठावं. धुळ्याच्या फोटोत आगगाडी असेल तर तो १९०० च्या अलीकडचा, कारण चाळीसगाव-धुळे लोहमार्ग त्या वर्षी सुरू झाला. नेमकी गल्ली ओळखणं मात्र जिकिरीचं. इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात आखलेल्या नव्या पेठेत रस्ते सरळ आणि समांतर, गल्ल्यांना नंबर. एका गल्लीचा फोटो दुसरीचा म्हणून सहज खपतो. अशा वेळी मी आधी आकाशाच्या कडेला लळिंगचा डोंगर दिसतो का ते बघतो. तो शहराच्या दक्षिणेला आहे; दिसला की कॅमेऱ्याचं तोंड कळलं.

पण सगळ्यांत अवघड फोटो जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचे. २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या आग्रहामुळे चित्रकार नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले, वास्तुरचनाकार म्हात्रे त्यांच्या जोडीला होते, आणि बांबूसारख्या साध्या गावठी सामानातून टिळकनगर हे अधिवेशनाचं नगर उभं राहिलं. मुंबईत जिथे काँग्रेसची पहिली सभा झाली तिथून धावपटूंनी ज्योत हातोहात इथवर आणली. नेहरूंची मिरवणूक सहा बैलजोड्यांच्या रथातून निघाली. मग मांडव उतरले, बांबू गेले. ज्या कमानीखाली माणसं उभी दिसतात ती कमान नाही, तो रस्ता तसा नाही, झाडंही बदलली. फोटो हातात घेऊन गावात फिरलं तर जुळवायला काय उरतं?

सातपुडा उरतो. फैजपूरहून तो उत्तरेला. दक्षिणेला तापीचं सपाट खोरं, तिथे डोळ्यांत भरेल असा डोंगर जवळपास नाही. तेव्हा मांडवामागे डोंगराची रेघ दिसली की कॅमेरा उत्तरेकडे बघतोय, हे बहुतेक पक्कं. पुढचं काम पायांचं. जवळची टेकडी आणि तिच्यामागचं शिखर फोटोत एकमेकांच्या कुठे बसलेत ते पाहायचं आणि शेताच्या बांधावरून पूर्व-पश्चिम चालायचं. आपण सरकलो की जवळची टेकडी मागच्या शिखरापुढून सरकत जाते. ज्या जागी दोघांची जोडी फोटोतल्यासारखी लागते, त्या जागेतून जाणाऱ्या रेषेवर कधीतरी तो फोटोवाला उभा होता. विहिरीचा दगडी कठडा किंवा देवळाचा कळस असं दुसरं काही जुळलं, तर रेषेवरचा बिंदूही हाती येतो.

दुसरा साक्षीदार सावली. डिसेंबरअखेरीस फैजपूरला भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणजे माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी, आणि सरळ सातपुड्याकडे. सकाळी ती वायव्येला कललेली, दुपार उतरताना ईशान्येला. माणसाच्या पायाशी पडलेला तो काळा पट्टा मोजला की घडीचा अंदाज येतो. आधी एवढंच पाहायचं की प्रिंट उलटी काढलेली नाही ना. पाटीवरची अक्षरं नसली तर पुरुषांच्या कोटाची बटणं बघावीत; ती घालणाऱ्याच्या उजव्या हाताला हवीत. उलट्या प्रिंटवर विसंबलं की सकाळची दुपार होते आणि आपण भलत्याच शेतात पोचतो.

डोंगर आणि सावली दोन्ही जिथे हार मानतात अशी छायाचित्रंही याच जिल्ह्यात आहेत. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२-१९८९) यांनी स्टेशनजवळच्या आपल्या दगडी घरात सुमारे पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं. टेबल-टॉप छायाचित्रणात त्यांचं मोठं नाव. या प्रकारात टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करतात आणि उजेड हवा तिथून आणतात. बघणाऱ्याला खरं गाव, खरा माळ वाटतो. नकाशात तो शोधू गेलं तर वर्षं जातील. तिथे सूर्य ठरवणारा माणूस आत बसलेला होता. अशा चित्राखाली ठिकाण लिहायचं तर मी लिहीन: चाळीसगाव, स्टेशनजवळचं घर, टेबल.