कस्टर्डचा वास, पण स्वयंपाकघरातून नव्हे

नातवाच्या खोलीतून कस्टर्डचा वास यावा आणि घरात तसे काही शिजलेले नसावे, तर वेपची शंका घ्यावी. मिष्टान्नाची चव खुलावी म्हणून हौशी तरुण त्यातील तारेचे वेटोळे स्वतः वळतात. त्या तापल्या तारेवर द्रवातील गोडवा जळून काळा थर धरतो. वाफ मात्र फुप्फुसात उतरते. काही द्रवांतील डायअसिटाइल लोण्याची चव देते. ते खाण्यात चालते, श्वासात नव्हे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात २००० साली पॉपकॉर्न कारखान्यातील कामगारांच्या सूक्ष्म श्वासनलिका त्याच्या वाफेने कायमच्या आक्रसल्याचे उघडकीस आले. भारतात २०१९ पासून वेपची विक्री निषिद्ध आहे. तरी छुपेपणाने मिळते. नातवाशी शांतपणे बोलावे, कारण निकोटिनचे व्यसन रागावल्याने सुटत नाही. द्रवाची बाटली लहानग्यांच्या हाती लागली, तर तात्काळ रुग्णालय गाठावे.