कऱ्हा-नीरेकाठची पांढर

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन आलेल्यांना ओकायामा हे नाव ठाऊक असतं. जपानमधल्या त्या शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आपली बाग उभी राहिली. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं करवून घेतली. १६८७ साली काम सुरू झालं आणि १७०० साली पुरं झालं. आसाही नदीनं तिला कुशीत घेतलं आहे, पैलतीराला काळ्या भिंतींचा किल्ला. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बाँबफेक यांत बागेची वाताहत झाली. जुन्या चित्रांचा आधार घेऊन तिथल्या लोकांनी ती होती तशी पुन्हा उभी केली.

त्याच शहराच्या हद्दीत, सपाट शेतीच्या मुलखात, त्सुकुरीयामा हा पाचव्या शतकातला दफनढिगारा आहे. लांबी सुमारे ३५० मीटर. साकाई शहरातला दाइसेन हा ढिगारा याहून मोठा, ४८६ मीटरांचा. पण त्यावर पाऊल ठेवायला बंदी आहे. त्सुकुरीयामावर मात्र कुणीही चढून जावं. बाग, नदीकाठ आणि पूर्वजांची थडगी असं सगळं एकाच मुक्कामात पाहायला मिळतं, म्हणून लोक तिथे जातात.

यातला नदीकाठ आणि थडगी ही दोन्ही आपल्या बारामती-इंदापुरातही आहेत, आणि त्यातलं दुसरं आपण विसरलो आहोत. मोरोपंतांची बारामती कऱ्हेकाठची. तीच कऱ्हा पुढे सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला, भीमेत जाते. नरसिंहपूरच्या संगमावर लक्ष्मी-नरसिंहाचं देऊळ आहे, तिथली वर्दळ कधी थांबत नाही. सोनगावला मात्र १९६५ साली डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची वस्ती हाती लागली, हे तालुक्यातल्या किती जणांना माहीत असेल? शां. भा. देव यांनी सहकाऱ्यासह त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. तो अभ्यासकांपुरताच राहिला.

ही माणसं आपल्या मृतांचं काय करत, ते याच जिल्ह्यात घोडनदीकाठच्या इनामगावानं सर्वांत नीट सांगितलं. १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन चाललं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर असे मोठे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. लहान मूल गेलं की दोन मडकी घेत, त्यांत त्याला ठेवत, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि राहत्या घराच्या जमिनीखाली खड्ड्यात ती आडवी पुरत. वर पुन्हा जमीन चोपून सारवायची आणि रोजचा संसार तिथेच चालायचा. मोठ्यांना उत्तरेकडे डोकं करून उताणं ठेवत, आणि त्याआधी घोट्याखालचे पाय तोडत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन भटकू नये, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. मला यातला पहिला अर्थ जवळचा वाटतो. ज्यांनी लेकरू उंबऱ्याच्या आत ठेवलं, त्यांना मृतांची भीती फारशी नसावी. एका मोठ्या घराच्या आवारात तर चार पायांचा, कच्च्या मातीचा फुगीर रांजण सापडला. त्यात एक प्रौढ पुरुष बसवलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असं मानतात.

जपानी ढिगारा एका राजपुरुषासाठी हजारो हातांनी रचला. आपल्याकडे थडग्यावर डोंगर नाही. घरांवर घरं पडत गेली, राख, शेण, खापरं साचली आणि गावाचीच टेकाडी झाली. तिला आपण पांढर म्हणतो. लांबून ती मातीचा उंचवटा दिसते, म्हणूनच तिचा घात होतो. पांढरीची माती खताला चांगली, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ती गाड्या भरभरून रानात गेली. पूर्वी हे काम खोऱ्यानं व्हायचं, आता जेसीबीनं एका दिवसात होतं. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

नदीकाठ सुशोभित करायचे, तिथे फरसबंद वाटा आणि दिवे आणायचे, हे आता सगळीकडेच चाललं आहे आणि ते व्हावंही. पण सोनगाव ते नरसिंहपूर असा नीरेकाठचा फेरा कुणी आखणार असेल, तर आधी पांढरीची हद्द मोजून दगड रोवावेत, माती उचलणं थांबवावं आणि इथे काय सापडलं ते मराठीत लिहून लावावं. शाळांच्या सहलींनी तोवर पुण्यात येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावं. इनामगावची माणसं तिथे भेटतात.