पहिला ड्रायव्हर आणि नऊ क्विंटल सोयाबीन

(या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत.)

सेलूच्या एका मित्राचा व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, पुण्यात जॉबला लागलो. ऑफिसातली पोरं रविवारी गोल्फच्या रेंजवर जातात, मलाही नाद लागलाय. बजेट टाईट आहे. पहिला ड्रायव्हर कोणता घेऊ?"

आता परभणीत ड्रायव्हर म्हटलं की आधी एसटीचा आठवतो, मग प्रिंटरचा. म्हणून आधी सांगून टाकतो. गोल्फच्या काठ्यांना क्लब म्हणतात, आणि त्यातला सगळ्यात लांब दांड्याचा, मोठ्या डोक्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. साधारण ४५ इंच लांब. लांबच्या होलवर पहिला फटका बहुतेक वेळा यानंच मारतात. बॉल टी नावाच्या छोट्या खुंटीवर ठेवायचा आणि हाणायचा.

मी स्वतः यात एकदा फसलोय, आणि दुसऱ्यांदा फसता फसता वाचलोय. वाचलो ते आधी सांगतो.

येरवड्यात गोल्फ क्लब चौक आहे ना, त्या भागात पहिल्यांदा बॉल मारला आणि त्याच रात्री फोनवर नवीन ड्रायव्हर बघायला लागलो. नावाजलेल्या कंपनीचा ताजा मॉडेल, पंचेचाळीस हजारांच्या आसपास, "नो कॉस्ट ईएमआय". बटण दाबायच्या आधी डोक्यात हिशोब आला. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. नऊ क्विंटलचे झाले ४४,०२८. आणि त्या हंगामात बाजारात तेवढाही भाव मिळत नव्हता. एक काठी म्हणजे घरचं नऊ क्विंटल सोयाबीन. अण्णांनी "कितीला आणलं रं?" विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. ज्या वस्तूची किंमत घरी सांगता येत नाही, ती घ्यायची नाही असं मी ठरवलं. तुमचं गणित वेगळं असेल, पण माझं हे.

मग प्रश्न असा की, स्वस्तातला, जुना ड्रायव्हर घेतला तर नुकसान किती? खूप कमी. कारण इंजिनिअरिंगचं नाही, नियमांचं आहे.

पूर्वी ड्रायव्हरचं डोकं लाकडाचं असायचं. मग धातू आला. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीनं "बिग बर्था" काढला तेव्हा त्याचं १९० घनसेंटीमीटरचं डोकं लोकांना राक्षसी वाटलं. नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेवरून. (जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) पुढे टायटॅनियम आलं आणि डोकी फुगत गेली. शेवटी नियम करणाऱ्यांनी लगाम लावला. २००४ पासून डोक्याची मर्यादा ४६० घनसेंटीमीटर. तोंडाच्या पत्र्याच्या उसळीलाही मर्यादा आहे, ०.८३०. कंपन्या या भिंतीला केव्हाच जाऊन टेकल्यात. त्यानंतरच्या सुधारणा मुख्यतः फटका चुकला तर नुकसान किती कमी होईल, या बाबतीतल्या. त्यामुळे आठ-दहा वर्षं जुना, चांगल्या अवस्थेतला ड्रायव्हर आपल्यासारख्या शिकाऊला पुरून उरतो.

आता फसलो ते. हिशोब करून जुना घ्यायचा ठरवला, ऑनलाइन एक सापडला, साडेसात हजार. विकणारा म्हणाला, "प्रो लोक असाच वापरतात." लॉफ्ट ९ अंश, शाफ्ट स्टिफ. मला दोन्ही शब्द कळत नव्हते, "प्रो" तेवढं कळलं. तीन महिने माझा बॉल खुरपल्यासारखा जमिनीलगत जायचा आणि उजवीकडं वळायचा.

लॉफ्ट म्हणजे तोंडाचा मागे कललेला कोन. बॉल हवेत टिकायला वेग, चढता कोन आणि उलटी फिरकी लागते. अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या पुरुषांचा क्लब सरासरी ताशी ११० मैलांच्या वर फिरतो, त्यांना ९ अंश चालतात. आपला वेग बराच कमी. वेग कमी असेल तर कोन जास्त पाहिजे, नाहीतर बॉल वर चढायच्या आधीच पडतो. दुसरा फायदा लोकांना माहीत नसतो. लॉफ्ट जास्त असला की उलटी फिरकी वाढते आणि तुलनेनं बॉल आडवा कमी वळतो. म्हणून नवख्यानं साडेदहाच्या खाली जाऊच नये. १२ अंश मिळाला तर डोळे झाकून.

शाफ्ट म्हणजे दांडा. तो किती लवतो त्यावर अक्षर असतं. एस म्हणजे स्टिफ, आर रेग्युलर, ए किंवा एम सिनिअर, एल लेडीज. कंपनीगणिक थोडा फरक पडतो. बहुतेकांना आर पुरतो. अंगात जोर कमी असेल तर सिनिअर घ्या, त्यात लाज कसली? क्रिकेटमध्ये आपण स्टिकर बघून जड बॅट घ्यायचो आणि शॉर्ट पिचला मनगट दुखवून घ्यायचो, तोच प्रकार.

जुना घेताना हातात घेऊन बघा. डोकं कानाजवळ हलवा, आत खडखड झाली तर सहसा डिंकाचा तुकडा सुटलेला असतो. तो जीवघेणा नाही, पण भाव पाडायला कामाचा. तोंडावर किंवा वरच्या टोपीवर चीर असेल तर मात्र उठून या. दांडा डोक्यात शिरतो तिथे नख फिरवून भेग बघा. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर बदलता येते, काही शेकड्यांचं काम. डोक्याचा कोन बदलता येणारा मॉडेल असेल तर त्याची चावी मागून घ्या, लॉफ्ट एक-दीड अंश इकडंतिकडं करता येतो. आणि यंदाचा मॉडेल, सीलबंद, अर्ध्या किमतीत? तो बहुधा नकली.

जुन्याची भीती वाटत असेल तर डेकॅथलॉनचा इनेसिस हा ब्रँड बघा. नवा असून मोठ्या नावांपेक्षा कितीतरी स्वस्त.

खरं तर पहिले दोन-तीन महिने काहीच घेऊ नको, मित्रा. रेंजवर भाड्यानं क्लब मिळत असेल तर ७ नंबरच्या आयर्ननं बॉल नीट लागेपर्यंत मार. ड्रायव्हर सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात अवघड. घेतल्यावरही ग्रिप इंचभर खाली धर, फटका मधोमध लागायची शक्यता वाढते. फुकटचा उपाय आहे.

मी तो ९ अंशवाला दोन हजारांचा तोटा सोसून विकला आणि आठ वर्षं जुना, १२ अंशाचा, रेग्युलर घेतला. सहा हजार. दिवाळीला ट्रॅव्हल्समध्ये सोबत नेला. सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात, वेचणीला कुणी नाही हे बघून, टी रोवली. काळी माती वाळून इतकी कडक की टी दगडानं ठोकावी लागली. अण्णांनी ड्रायव्हर हातात घेतला, तोलला. "हलकंय की. कितीला पडलं?"

"सहा हजार."

"बरं. मार."

मारला. सरळ गेला, शंभर-दीडशे मीटर तरी. दुसरा मात्र उजवीकडं वळला आणि शेजारच्या कापसात गेला. बोंडं फुटलेली, सगळं रान पांढरं, त्यात पांढरा बॉल. अर्धा तास शोधला, अजून तिथंच आहे.

सेलूवाल्या मित्रा, बॉल नारंगी घे.