आठ वर्षांचा मास्तर

यजमानांची बदली झाली आणि जून महिन्यात आम्ही पुण्याहून चेन्नईला आलो. मुलगा तेव्हा पाचवीत होता. घर मिळाले, गॅस मिळाला, पातळ का होईना, दूधही मिळू लागले. अडले ते एकाच ठिकाणी. शाळेत तमिळ विषय घेणे भाग होते आणि आमच्या घरात तमिळचे एक अक्षरही कुणाला येत नव्हते. पहिल्या चाचणीत चिरंजीवांना वीसपैकी तीन गुण पडले. त्या तीन गुणांचे मला एवढे वाटले नाही. पण हळूहळू तो गणितातही मागे पडू लागला, वर्गात हात वर करेनासा झाला आणि एक दिवस जेवताना सहज म्हणाला, "आई, मी ढच आहे बहुतेक."

माझ्या घशाखाली घास उतरेना.

मग आपण सारे करतो तेच मी केले. शिकवणी लावली. एका खोलीत पंचवीस-तीस मुले, फळ्यावर उत्तरे, ती वह्यांत उतरवून घ्यायची आणि एक तारखेला फी. दोन महिन्यांनी तीनाचे पाच झाले. सर विद्वान होते, कष्टाळूही होते. पण मुलाची अडचण वेगळीच होती. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. 'पक्कम' म्हणजे बाजू आणि 'तंगम' म्हणजे सोने. दोन्ही शब्दांत अक्षर तेच, पण एकदा उच्चार क आणि एकदा ग! बाराखडी चोख येणाऱ्या मराठी मुलाला हे पटेचना. कधी क म्हणायचे आणि कधी ग, असे त्याने विचारले तेव्हा सर हसून म्हणाले, "सवयीने कळेल." ज्यांची ती मातृभाषा, त्यांना यात अडण्यासारखे काही आहे हेच कधी जाणवले नव्हते.

गाठ सोडवली ती वरच्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीने. ती तेलुगू घरातली. तेलुगूतही आपल्यासारखीच ही चार अक्षरे वेगवेगळी, त्यामुळे काही वर्षांपूर्वी तीही नेमकी याच दगडाला ठेचकाळली होती. एका संध्याकाळी ती स्टीलच्या ताटात कोलमचे, म्हणजे इकडच्या रांगोळीचे, पीठ पसरून घेऊन आली. मुलाचे बोट धरून तिने अक्षर काढले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत नियम सांगितला. शब्दाच्या सुरुवातीला आले तर क, जोडीने आले तर क, नाकातल्या उच्चारानंतर किंवा मध्येच एकटे सापडले तर ग. चुकले की ताट हलवायचे, अक्षर गायब. वहीत खाडाखोड नाही, लाल शाई नाही. पुढच्या चाचणीत वीसपैकी बारा आले. मुलगा तिला 'अक्का' म्हणू लागला आणि मी शिकवणी बंद केली.

एग्मोरची वाळू

गंमत अशी की, मुलांनी मुलांना शिकवण्याची ही युक्ती एके काळी याच शहराच्या नावाने जगभर गाजली होती, हे मला नंतर वाचनात आले.

अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८७ मध्ये मद्रासला आला. १७८९ मध्ये एग्मोर इथल्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार त्याच्याकडे आला. ही मुले गोऱ्या शिपायांची. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या आया मात्र इथल्याच. शाळेतले मास्तर कंटाळलेले, मुले त्याहून कंटाळलेली. एकदा घोड्यावरून जाताना बेलला एका गावठी शाळेतली मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवताना दिसली. तमिळ मुलखात घरापुढच्या ओट्याला 'तिण्णै' म्हणतात आणि अशा ओट्यावर भरणाऱ्या शाळेला 'तिण्णै पळ्ळिकूडम'. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर धुळाक्षरे गिरवीत, तसाच हा प्रकार.

बेलने आपल्या मास्तरांना तसे करायला सांगितले, पण त्यांनी ते मनावर घेतले नाही. तेव्हा त्याने खालच्या वर्गाला अक्षरे शिकवण्याचे काम जॉन फ्रिस्किन नावाच्या एका मुलावर सोपवले. हा एका साध्या शिपायाचा पोर, वय वर्षे आठ! मास्तरांना जे जमत नव्हते ते या पोराने करून दाखवले. मग एकेक करून इतर वर्गही मोठ्या मुलांच्या हाती गेले. बेलचा एक कडक दंडक होता. धडा लहान ठेवायचा आणि तो पूर्ण पक्का झाल्याखेरीज पुढे जायचे नाही.

१७९६ मध्ये बेल मायदेशी गेला आणि पुढच्याच वर्षी त्याने या प्रयोगावर छोटे पुस्तक काढले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरनेही तशीच शाळा काढली. दोघांच्या अनुयायांत 'आधी कोण' यावरून मोठे भांडण जुंपले. तोवर ही 'मद्रास पद्धत' युरोपात आणि अमेरिकेतही पोहोचली होती. बेलच्या पैशातून त्याच्या जन्मगावी, सेंट अँड्र्यूजला, उभी राहिलेली शाळा आजही 'मद्रास कॉलेज' या नावानेच चालते.

खरे तर भांडायचेच होते तर आपण भांडायला हवे होते! बेलच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला व्हॅले या इटालियन प्रवाशाने कर्नाटकात एका देवळाच्या ओसरीत चार मुले पाहिली होती. मास्तर जवळ नाही, मुले सुरात अंक म्हणताहेत आणि जमिनीवर पसरलेल्या वाळूत बोटाने लिहिताहेत. एकाला अडले तर दुसरा सांगतोय. श्रेय बेलच्या पदरात पडले. पण त्याने पाहिले ते त्या चार पोरांचेच.

ताजी जखम

तज्ज्ञाला न जमलेले आठ वर्षांच्या मुलाला का जमावे? मला वाटते, आपण कुठे ठेचकाळलो होतो हे त्याला आठवत असते. आपण मोठी माणसे 'हातचा घेणे' इतक्या वर्षांपूर्वी शिकलो की त्यात अवघड काय, हेच विसरून गेलो. दुसरीतल्या पोराला चौथीतली ताई ते चांगले सांगते, कारण तिची जखम ताजी असते.

दुसरा फायदा शिकवणाऱ्याचा. स्वतःला नीट न कळलेली गोष्ट दुसऱ्याला सांगू गेले की मध्येच जीभ अडखळते आणि कुठे कच्चे आहे ते उघडे पडते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांना तोच उतारा दिला. एकीने तो पुन्हा पुन्हा वाचला, दुसरीने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा मात्र आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री 'सगळं येतंय' आणि पेपरात 'काहीच आठवेना' असे का होते, याचा बराचसा उलगडा इथे होतो.

घरच्या घरी

आमच्या घरी आता अशी रीत आहे. संध्याकाळी अर्धा तास मुलगा मास्तर आणि मी विद्यार्थिनी. मी भाजी निवडत बसते, तो अपूर्णांक शिकवतो. "छेद वेगळे असताना बेरीज का नाही करायची रे?" असे मी मुद्दाम भोळेपणाने विचारते. उत्तर "सरांनी सांगितलंय म्हणून" असे आले, तर ते गणित अजून पक्के झालेले नाही. मग पोळीचे एकदा अर्धे आणि एकदा पाव असे तुकडे ताटात ठेवून मोजायचे. गणितात आणखी एक गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे चुकांची वही. चुकलेले प्रत्येक गणित तिच्यात लिहून शेजारी कारण टाकायचे. आकडा उतरवताना चुकला, पाढा चुकला की मुळात रीतच कळली नव्हती? महिन्याभरात दिसून आले की आमच्या चिरंजीवांच्या निम्म्याहून अधिक चुका सातच्या आणि आठच्या पाढ्यांतल्या होत्या. त्याला शिकवणी नव्हे, पाढे हवे होते!

भाषेसाठी शुद्धलेखन सांगायचे, पण तपासायचे त्याने, आपण नाही. आधी पुस्तकाशी ताडून स्वतःच्या चुका स्वतः शोधू द्याव्यात. इतिहासाचा धडा आजीला गोष्टीसारखा सांगायचा आणि नंतर पुस्तक उघडून काय गाळले ते पाहायचे. आजीसारखी श्रोती नाही. तिला पुढे काय झाले हे खरोखरच जाणून घ्यायचे असते. विज्ञानात आकृती न बघता काढायची, एवढे पुरे.

उजळणीचेही तसेच. एकाच दिवशी तीन तास बसण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात दहा-दहा मिनिटे बसावे. शिकलेले किती झपाट्याने विसरते, याचा आलेख जर्मनीतल्या एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडला आहे.

शिकवणी लावायचीच असेल तर

काही घरांत ती लागतेच. दोघे नोकरीवर असतात, किंवा दहावीचे गणित आपल्या आवाक्याबाहेरचे असते. तेव्हा शिक्षकाची पदवी पाहण्याआधी तो मुलाला बोलू देतो का ते पाहावे. श्रीनिवास रामानुजन यांच्यासारखा गणिती या शहराने दुसरा पाहिला नाही. लहानपणी कुंभकोणमला घरी राहायला असलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांकडून त्यांनी सारे गणित काढून घेतले होते. पुढे मात्र इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने ते कॉलेजच्या परीक्षेत नापास होत गेले आणि मद्रासमध्ये शिकवण्या करून पोट भरायची वेळ आली, तेव्हा त्या काही त्यांना साधल्या नाहीत. अखेर १९१२ मध्ये त्यांनी पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी धरली. विद्वत्ता वेगळी आणि शिकवणे वेगळे.

बेलच्या पद्धतीची दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडात एका मास्तरावर शेकडो मुले सोपवून पैसे वाचवण्याचे ते साधन झाले. समज बाजूला पडली, घोकंपट्टी उरली आणि शिकवणाऱ्या मुलांचा स्वतःचा अभ्यास मागे राहिला. १८४६ मध्ये तिथल्या सरकारने पगारी शिकाऊ शिक्षक नेमायला सुरुवात केली, तेव्हा ही पद्धत मागे पडू लागली. घरातही तेच घडू शकते, आणि बहुधा थोरल्या मुलीच्या बाबतीत घडते. धाकट्याचा अभ्यास ही तिची जबाबदारी होऊन बसते आणि तिची वही कोरी राहते. म्हणून अर्ध्या तासाच्या वर नाही, रोज तर नाहीच, आणि थोरल्याला धाकट्यावर हात उगारू द्यायचा नाही.

आणि एवढे करूनही अक्षरे उलटसुलट दिसत असतील, हुशार मुलगा वाचताना सारखा अडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नये. वाचनातल्या अशा अडचणी ओळखणारी तज्ज्ञ माणसे असतात. चेन्नईत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन हेच काम करते, मुंबईतही तशी संस्था आहे. तिथे अक्काचे ताट पुरे पडणार नाही.

करोनात शाळा बंद राहिल्यावर तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये 'इल्लम तेडि कल्वी', म्हणजे घर शोधत आलेले शिक्षण, या नावाची योजना काढली. वस्तीतल्याच स्वयंसेवकांनी, त्यातही बहुतेक बायकांनी, संध्याकाळी कुणाच्या अंगणात, कुणाच्या ओसरीत मुले जमवून मागे पडलेला अभ्यास भरून काढायचा. पुन्हा तिण्णैच!

आमची अक्का आता नववीत आहे. तिला हिंदीतल्या ऱ्हस्व-दीर्घाने सतावले आहे. गेल्या आठवड्यात बेल वाजली आणि दारात ती उभी, हातात तेच स्टीलचे ताट. "आंटी, तो घरी आहे का?" मुलगा आतून पळत आला, त्याने ताट घेतले, जमिनीवर बसला आणि अगदी मास्तरी थाटात म्हणाला, "अक्का, बोट दे."