माथ्यावरचं वजन

आमच्या साकोली भागातल्या एका जुन्या मंडपवाल्यानं यंदा धंदा आवरला. बल्ल्या विकल्या, कनाती वाटून टाकल्या. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, समित्यांना आता ट्रस, म्हणजे धातूचा सांगाडा, हवा, त्यावर एलईडीची भिंत हवी, आपल्याकडं कोणी येत नाही, म्हणाले. मला हे फार लागलं. मंडप बदलतातच. पण वजन कसं टांगायचं हे ज्याला कळत होतं, तो माणूसच बाजूला झाला.

मंडईतल्या नाटकाच्या भोंग्यांच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बांबूला दोन भोंगे, नटांच्या डोक्यावर लोंबणारे माईक, कडेला हॅलोजन. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही आमच्या नाटकाचं सामान साधारण असंच होतं. पुढं आवाजाचे बॉक्स मोठे झाले, पण जमिनीवरच राहिले.

खरा बदल झाला तो २०१४ नंतरच्या दशकात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक, ही आमच्या झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, जोडी तुटली. पटाला येणारे पाहुणे घटले, त्यांच्याबरोबर तिकिटंही घटली. मग करोनाचे हंगाम गेले. १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं ती कायम केली. माझं मत असं की, या पडत्या वर्षांत प्रेक्षक ओढून आणायचं काम नाटकाकडून झगमगाटाकडं गेलं. संहितेवर, तालमीवर खर्च करायला कोणी तयार नव्हतं. दिव्यांवर करायला मात्र सगळे तयार होते. आणि त्याच वर्षांत दिवे, बॉक्स, पडदे जमिनीवरून माणसांच्या माथ्यावर चढले.

या धोक्याबद्दल मी तेव्हाच बोलत होतो. समितीतले म्हणायचे, "काही नाही होत जी, रातभराचंच काम आहे." पण त्या एका रात्रीच तर खाली बायापोरं बसलेली असतात! तो राग अजून गेलेला नाही.

हिशेब अवघड नाही. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद असा एलईडीचा एक तुकडा सात-आठ किलोचा असतो. सहा मीटर रुंद, तीन मीटर उंच भिंतीला असे ७२ तुकडे लागतात. म्हणजे साडेपाच क्विंटलच्या आसपास, शिवाय वायरी आणि चौकटी. तेवढं धान कोणी आपल्या माथ्यावर नायलॉनच्या दोरीनं टांगू देईल का? इथं मात्र केबल टाय आणि दोरीच्या गाठींवर भागवलेलं मी पाहिलंय. तापलेल्या दिव्याजवळ नायलॉन वितळतं. प्रत्येक दिव्याला मुख्य क्लँपखेरीज तारेची वेगळी दोरी हवी, म्हणजे क्लँप सुटला तरी दिवा खाली येत नाही. भार दोन तिरक्या दोऱ्यांवर टांगला तर दोऱ्या जितक्या आडव्या, तितका ताण जास्त. आडव्या रेषेशी तीस अंशांचाच कोन उरला, तर प्रत्येक दोरीवर अख्ख्या वजनाइतका ताण येतो. अर्धा वाटा एकीला, अर्धा दुसरीला, ही समजूत जीव घेणारी आहे. अर्धा वाटा एकीला, अर्धा दुसरीला, ही समजूत जीव घेणारी आहे.

आणि वारा. फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी आपल्याकडं नवा नाही. ताशी ७२ किलोमीटरचा वारा चौरस मीटरमागं सुमारे २४ किलोनं ढकलतो. आपल्या त्या अठरा चौरस मीटरच्या भिंतीवर हे चार क्विंटलच्या वर जातं. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. जुना मंडपवाला आभाळ भरून आलं की कनाती सोडवून वारा वाहू द्यायचा. एलईडीची भिंत सोडवता येत नाही, ती वेळेत खाली घ्यावी लागते.

१३ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत इंडियानाच्या जत्रेत वादळी वाऱ्यानं रंगमंचावरचा सांगाडा कोसळला, सात माणसं गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरचं होर्डिंग वाऱ्यानं पडलं, त्याखाली सतरा जण गेले. घाटकोपरनंतर राज्यभर होर्डिंगच्या मजबुतीची चर्चा झाली; गावच्या रंगमंचावर टांगलेल्या लोखंडाबद्दल कोणी बोललं नाही. परवानगीच्या कागदांत वेळ आणि आवाज विचारतात. वजनाचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

भंडारा जिल्ह्यातल्या मंडई समित्यांना माझी हात जोडून विनंती आहे. विसार देण्याआधी ट्रसवाल्याकडून लिहून घ्या: किती किलो टांगणार, त्या लांबीचा ट्रस किती पेलतो, आणि वारा सुटल्यावर भिंत खाली उतरवण्याचा हुकूम कोणाचा. त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर तिकीटखिडकीवर लावा. ज्याला हे लिहून देता येत नाही, त्याला काम देऊ नका.